तिसरा तुंबा

आमच्या आत्याच्या घरी पोलीस येणार होते, आणि ते कशासाठी येणार हे घरातल्या प्रत्येकाला माहीत होतं. आतेभावाची मुलगी पोलीस भरतीत निवडली गेली होती. मैदानी झाली, लेखी झाली, कागदपत्रं तपासून झाली. आता फक्त चारित्र्य पडताळणी उरली होती. ठाण्यातून कुणीतरी गावात येतो, घर पाहतो, शेजाऱ्यांना आणि पोलीस पाटलाला विचारतो, अहवाल पाठवतो. तसा आनंदाचाच प्रसंग. पण त्या आठवड्यात आमच्या घरात कुणालाही नीट जेवण गेलं नाही, आणि त्याला कारण मी होते.

मी नांदुऱ्यातल्या एका शाळेत शिकवते. आमच्या कुळात पदवीपर्यंत पोचलेली मी पहिली. माझे आईवडील वीटभट्टीवर जायचे, वर्षातले सहा-सात महिने गावाबाहेर. त्यांच्यामागे फिरले असते तर माझी शाळा चौथीतच सुटली असती. आत्यानं मला ठेवून घेतलं. तिचं घर पूर्णेच्या काठावर, भोयांच्या वस्तीत. पहाटे ती मासळीची टोपली घेऊन बसमध्ये चढायची, नांदुऱ्याच्या बाजाराआधी मला शाळेच्या फाटकाशी सोडायची. माझ्या दप्तराला मासळीचा वास येतो म्हणून वर्गातल्या मुली नाक धरायच्या. हे आत्याला सांगितलं तर ती म्हणाली, "हसू दे त्यायले. तू नापास झाली का मंग म्या हसीन." मी नापास झाले नाही. तिला हसायची संधी मी दिली नाही, एवढंच माझ्याकडून तिला परत गेलं असेल.

आमच्या जिल्ह्याला समुद्र नाही. तरी पूर्णेकाठच्या विहिरींचं पाणी खारं आहे, इतकं की पाहुण्याला चहा दिला तर तो पहिल्या घोटाला थांबतो. काठावरच्या माणसांचं सगळं पाण्याभोवती चालायचं. पावसाळ्यात जाळी, उन्हाळ्यात आटलेल्या पात्रातल्या वाळूत खरबुजाच्या वाड्या, आणि बाराही महिने सांगड. सांगड म्हणजे वाळलेल्या कडू भोपळ्यांचा तराफा. दोन मोठे तुंबे अंबाडीच्या दोरीनं हातभर अंतरावर बांधायचे आणि मधल्या दोरीच्या जाळीवर छाती टेकून पाण्यात आडवं व्हायचं. पाय मारायला मोकळे, जाळं टाकायला हात मोकळे. होडी परवडत नसे त्या काळी भोयाची होडी तीच.

आता ती कुणी करत नाही. आत्या करायची. गरज म्हणून नव्हे, सवय म्हणून. गोठ्याच्या छपरावर दरवर्षी कडू भोपळ्याचा वेल चढवायची, फळं वेलावरच वाळू द्यायची, मग देठाशी भोक पाडून आत खडे आणि पाणी घालून ती खळखळ हलवत बसायची, आतला गर निघेपर्यंत. नंतर आठवडाभर चुलीवर धुरात टांगायची आणि शेवटी राळेनं तोंड बंद करायची. असे दहा-बारा तुंबे गोठ्याच्या आढ्याला कायम लटकलेले असायचे. लहानपणी मला ते झोपलेल्या वटवाघळांसारखे दिसत.

फेब्रुवारीत आमच्या शाळेत हस्तकलांचं प्रदर्शन होतं. मुख्याध्यापकांनी प्रत्येक शिक्षकाला आपापल्या गावची एक कला आणायला सांगितली. मी रविवारी आत्याकडे गेले, तिला ओसरीवर बसवलं आणि सांगड बांधताना सुरुवातीपासून शेवटपर्यंत मोबाईलवर चित्रण केलं. दीड तास. दोरीला पीळ कसा द्यायचा, गाठ कुठे मारायची, ओली असताना का मारायची, सगळं. ती बोलत होती, मी मधूनमधून विचारत होते.

दोन तुंबे बांधून झाले तसा तिनं तिसरा, जरा लांबट, हातात घेतला. मी म्हटलं, "हा कशाला? सांगडीला दोनच लागतात ना?"

"मासोयाले दोन लागतात," आत्या म्हणाली. "हा दुसऱ्या कामाचा."

"कोणत्या?"

ती हसली. दात पडलेल्या ठिकाणी तिनं पदर धरला. "दारूबंदी होती तवाचा. मोहाची दारू डोंगराकडून येई, नदीच्या त्या अंगाले. इकडं टेसनापाशी गिऱ्हाइक. पुलावर पोलीस, दोन्ही काठावर पोलीस. पन पान्यात कोन पाह्यते? बाई मासोया धरून राह्यली, येवढंच दिसे."

"म्हणजे तू?"

"म्या नाई तं कोन? तुह्या मामाजीले पोहता येत होतं का?" मामाजी म्हणजे तिचा नवरा, मला तो आठवतही नाही. "नवीन लगन झालं होतं माहं. सासूनं शिकवलं. दोन तुंबे वर, ते तरंगत. तिसरा दारूनं भरून पोटाखाली बांधा लागे. भरेल तुंबा बुडतही नाई आन् वरही येत नाई. पान्याच्या आत आंगासंगं चालते. पोलिसाले दोनच दिसत."

मी विचारलं, भीती नाही वाटायची?

"वाटे ना. पन घरी पीठ नसलं तं त्याचं भेव जास्त." मग ती दोरी ओढता ओढता सांगत राहिली. "एक डाव एका शिपायानं बोलावलं. म्हने मासे दाखव. म्या टोपली देल्ली. त्यानं दोन मोठे ठेवून घेतले. मंग म्हने, तू पान्याच्या बाहेर काऊन येत नाई? म्या छातीइतक्या पान्यात, पोटाले तुंबा. म्हटलं साहेब, लुगडं फाटेल हाय. त्यानं बिचाऱ्यानं तोंड फिरवलं आन् म्हने जा. भला मानूस होता."

हे मी पहिल्यांदाच ऐकत होते. ज्या घरात मी दहावीचा अभ्यास केला त्या घरातली ही गोष्ट. मला इतका अभिमान वाटला की घरी जाऊन मी त्या दीड तासातला दोन मिनिटांचा तेवढाच तुकडा कापला आणि आमच्या शिक्षकांच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, 'माझी आत्या'. सगळ्यांनी हसरे चेहरे पाठवले. कुणीतरी तो पुढे पाठवला, त्यानं आणखी पुढे. प्रदर्शन होऊन गेलं, मी विसरून गेले.

एप्रिलमध्ये एका सकाळी आतेभावाचा फोन आला. त्याला मी दादा म्हणते. तो कधी आवाज चढवत नाही, त्या दिवशीही चढवला नाही.

"बाई, पोरीची पडताळणी लागली. या हप्त्यात पोलीस येनार हाय."

मी म्हटलं, "अरे वा, दादा."

"तुह्या त्या व्हिडिओचं काय करू? आज सलूनात एका जनानं मले दाखवला. म्हने, तुही माय तं लय मोठी स्मगलर निघाली. सारे हसले. पोलीस पाटलाच्या मोबाईलात बी असंन."

मी शाळेतून सुटी घेऊन दुपारच्या बसनं निघाले. वाटेत मी पडताळणीचा नमुना मोबाईलवर शोधला आणि पुन्हा पुन्हा वाचला. उमेदवारावर गुन्हा दाखल आहे काय. उमेदवार कोणत्या प्रकरणात आरोपी आहे काय. सगळं उमेदवाराबद्दल. पण एका ठिकाणी कुटुंबातील व्यक्तींची माहिती असा रकाना होता, आणि तिथे काय लिहिलं जातं हे मला कुठेच सापडेना. वर्गात मुलांना मी सांगते की न कळलेलं विचारावं. त्या दिवशी मला विचारावंसं वाटलं नाही. कुणाला विचारणार? ठाण्यात फोन करून सांगणार का, की आमची आत्या दारू वाहायची?

आत्या घरी नव्हती. वडनेर भोलजीचा आठवडी बाजार होता, ती तिकडे गेली होती. मुलगी पुस्तक घेऊन बसली होती, पण पान उलटत नव्हती. तिनं दोन वर्षं रोज पहाटे नदीच्या वाळूत धावून तयारी केली होती. पायाच्या अंगठ्याचं नख दोनदा गेलं होतं. ती मला म्हणाली, "मावशी, काही होनार नाई ना?" खरं तर मी तिची आत्या लागते, पण लहानपणापासून ती मला मावशीच म्हणते.

मी म्हटलं, "काही नाही होत." माझा आवाज मलाच खोटा वाटला.

दादा मला गोठ्यात घेऊन गेला. वर आढ्याला तुंबे लटकत होते, अकरा. तो म्हणाला, "व्हिडिओचं म्हनता येईन का म्हातारीनं गंमत केली. पन हे? पोलीस आला आन् वर पाह्यलं तं? तूच सांग. तू शिकेल हाय."

मी वर पाहिलं. साधे वाळके भोपळे. साठ वर्षांपूर्वीचे नव्हते, मागच्या-त्याच्या मागच्या सालचे. कुणा शहाण्या माणसाला ते पुरावा वाटले नसते. पण त्या घरात शहाणी म्हणून मलाच विचारलं जात होतं, आणि मला त्या घडीला फक्त ते नख गेलेलं बोट दिसत होतं. मी म्हणाले, "काढून टाकलेले बरे."

एवढं एक वाक्य. दादानं लगेच शिडी लावली.

आधी आम्ही ते नदीवर नेले. पोत्यात भरून, भर दुपारी, कुणी विचारलं तर काय सांगायचं ते ठरवत. नदी आटली होती, एका डोहात तेवढं पाणी होतं. दादानं एकेक तुंबा लांब फेकला. आणि मग जे व्हायचं तेच झालं: ते तरंगले. तरंगण्यासाठीच ज्या वस्तू जन्माला घातल्या त्या आम्ही बुडवायला आणल्या होत्या. वाऱ्यानं ते हळूहळू सरकत परत आमच्याच पायाशी आले, ओळीनं. दादा कमरेइतक्या पाण्यात उतरून त्यांना ढकलू लागला. पलीकडे खरबुजाच्या वाडीतली एक म्हातारी उठून उभी राहिली आणि ओरडली, "काय करून राह्यला बे?"

"धुऊन राह्यलो," दादा म्हणाला.

आम्ही ते पुन्हा पोत्यात भरले, घरामागच्या उकिरड्याशी नेले आणि पेटवले. राळेनं तोंड बंद केलेला तुंबा पेटला की आतली हवा तापते आणि तो फुटतो, हे आम्हा दोघांपैकी कुणाच्याच डोक्यात आलं नाही. पहिला फुटला तेव्हा वस्तीतली कुत्री भुंकायला लागली. दुसरा, तिसरा. शेजारीण विचारायला आली की आजच फटाके काऊन, पोरीची ऑर्डर आली का. वहिनीनं तिला काहीतरी सांगून परत पाठवलं. एक लहान तुंबा होता, कापडाचं बूच लावलेला. तो फुटला नाही. त्यातून ज्वारीच्या लाह्या फुटाव्यात तसा तडतड आवाज आला आणि थांबला. मी तो ऐकला, आणि तेव्हा मला त्यातलं काही कळलं नाही.

त्यानंतर मी मोबाईल काढला आणि दीड तासाचं सगळं चित्रण पुसून टाकलं. दादासमोर. त्याला बरं वाटावं म्हणून, आणि मलाही.

आत्या चारच्या सुमारास आली. पिशवी ओसरीवर ठेवली, गोठ्यात गेली, बाहेर आली. कुणाला काही न विचारता वासावरून मागे उकिरड्याशी गेली. काठीनं राख उकरली. दादा, वहिनी आणि मी दारात उभे होतो.

"कोनं केलं?"

"म्या," दादा म्हणाला. मी त्याच्या मागे सरकले.

"बूच लावेल तुंबा होता लहानसा. तो बी टाकला का?"

दादानं मान हलवली.

"भोपळ्याचं बी होतं त्यात." ती राखेकडेच पाहत होती. "राखेत घालून ठेवलं होतं. सासूनं देल्लं होतं मले, तिले तिच्या मायनं." मग तिनं काठी भिंतीला टेकवली आणि वहिनीला विचारलं, भाकरी टाकल्या का.

तिसऱ्या दिवशी हवालदार आला. मी मुद्दाम थांबले होते. चाळिशीतला माणूस, घामानं शर्ट पाठीला चिकटलेला. त्यानं मुलीचे कागद पाहिले, दादाला दोन-तीन प्रश्न विचारले, शेजाऱ्याची सही घेतली. चहा घेतला आणि पहिल्या घोटाला थांबला. वहिनी म्हणाली, "पानी खारं हाय साहेब." तो म्हणाला, "माहीत हाय." सगळं दहा मिनिटांत झालं असतं. तो उठला, आणि ओसरीच्या कोपऱ्यात जाळं विणत बसलेल्या आत्याकडे त्याचं लक्ष गेलं.

"व्हिडिओतल्या आजी तुमीच का?"

दादानं हातातली कपबशी खाली ठेवली. मुलीनं खाली मान घातली.

"हाव," आत्या म्हणाली. "म्याच."

"ते तुंबे हायेत का? पाहाचे होते."

"नाईत. घरच्या शहान्या लोकायनं जाळले."

"जाळले? काऊन?"

"जुने होते साहेब," दादा घाईनं म्हणाला. "किडले होते."

हवालदारानं दादाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मग हातातल्या कागदावर काहीतरी लिहिलं. एक ओळ असेल, जास्तीत जास्त दीड. आणि गेला. त्यानं ते का विचारलं, सहज की चौकशी म्हणून, हे आम्हाला आजही माहीत नाही. गाडीचा आवाज वळणापलीकडे गेल्यावर मुलगी आत्याला म्हणाली, "आजी, नाई म्हटलं असतं तं काय झालं असतं?"

"त्यानं पाह्यलं होतं ना माहं तोंड मोबाईलात. नाई कशी म्हनू? पोलिसाजवळ खोटं एकदाच बोलली म्या, ते बी लुगड्यापायी."

कुणी हसलं नाही.

पुढचे पाच आठवडे कसे गेले ते सांगता येत नाही. दादा रोज फोन करायचा, 'काही कळलं का' म्हणून, जणू मला आतली बातमी असावी. मुलीनं धावणं बंद केलं. मी वर्गात फळ्यावर लिहिता लिहिता थांबायचे, ती दीड ओळ काय असेल याचा विचार करत. 'आजी दारूच्या वाहतुकीत सहभागी.' 'कुटुंबीयांनी वस्तू नष्ट केल्या.' जितकी वाक्यं सुचायची तितकी मी मनातल्या मनात शुद्ध मराठीत लिहून पाहायचे. आपणच आपल्या हातानं तिच्या अहवालात संशय घातला, हे मला कळून चुकलं होतं. तुंबे तिथेच असते तर तो पाहून, हात लावून, हसून गेला असता.

मग एका दुपारी ऑर्डर आली. नेमणूक झाली होती, प्रशिक्षणाला हजर व्हायची तारीख होती. दादा फोनवर रडला.

मुलगी गेली त्या दिवशी आम्ही सगळे तिला सोडायला बस थांब्यावर गेलो. बस दिसेनाशी झाल्यावर दादा आणि वहिनी पुढे चालू लागले. मी आत्याबरोबर मागे राहिले आणि तिला सांगितलं की तुंबे जाळायला मी सांगितलं होतं.

"मले माहीत हाय," ती म्हणाली. "दादाले एकट्याले येवढं सुचत नाई."

"तू काही बोलली नाहीस."

"पोरीची नोकरी गेली असती तं बोलली असती. तुले सोडलं नसतं." ती थोडं चालली. "तुह्या मोबाईलात ते हाय ना? सांगड बांधाचं? नात म्हने, आजी, सुट्टीत आली का शिकव. दोरीचं मले आता एका दमात आठवत नाई, पाहून सांगीन."

मी तिला सांगितलं की तेही पुसलं. लोकांच्या मोबाईलमध्ये अजून फिरतोय तो दोन मिनिटांचा तुकडा, दारूचा. गाठी कुणाकडेच नाहीत. आत्यानं माझा दंड धरला, तिला चढ चढायचा होता.

तेव्हापासून मी कडू भोपळ्याचं बी शोधते आहे. वडनेरच्या बाजारात विचारलं, अमडापूरच्या एका सहकारी बाईंच्या माहेरी विचारलं, नदीच्या वरच्या गावांत दोन रविवार फिरले. जो तो म्हणतो, आमच्या आजोबांकडे होतं. एका घरातून मिळालं, शपथेवर कडू म्हणून. आत्यानं ते पावसाळ्यात लावलं, वेल छपरावर चढला, फळं धरली. एक कोवळं तोडून तिनं जिभेला लावलं आणि वहिनीला हाक मारली. त्या दिवशी घरी दुधी भोपळ्याची भाजी झाली. चांगली झाली होती.

हे सगळं लिहून झाल्यावर मी तिला वाचून दाखवलं. तिनं डोळे मिटून ऐकलं. शेवटी म्हणाली, "माहं नाव कुठं आलं नाई. गावाचं बी नाई."

"मुद्दाम नाही टाकलं. पोरगी अजून प्रशिक्षणात आहे. कायम व्हायची आहे."

"टाक. नाई तं लोक म्हनतीन कोन्या दुसऱ्याच बाईची गोष्ट हाय."

मी बरं म्हणाले. त्याला दोन महिने झाले. कागद माझ्या टेबलावर आहे, रोज पेन घेऊन बसते, आणि नावाची ती जागा अजून मी रिकामीच ठेवली आहे.